गाडी ऑईल का खाते? इंजिन उतरविण्यापूर्वी करावयाची तपासणी



गळीत हंगामात ट्रकला उसंत नसते. खडकपूर्णेकाठचा ऊस भरायचा, काळ्या मातीच्या फुफाट्यातून सडकेला लागायचे आणि काट्यावर रांगेत उभे राहायचे. अशा ऐन घाईत ड्रायव्हर सांगतो, "मालक, गाडी ऑईल खाऊ लागली." ऐकणारा लगेच म्हणतो, "रिंगा गेल्या, इंजिन उतरवा." इंजिन उतरले की खेपा बुडतात, तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन आणि साखर दोन्ही घटतात. म्हणून आधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) मोजमाप : गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर १०-१५ मिनिटांनी ऑईलची पट्टी पाहावी. वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरावे व किलोमीटर लिहून ठेवावे. १,००० किलोमीटरनंतर त्याच खुणेपर्यंत किती घालावे लागले, तो खरा खप. खुणेच्या वर भरू नये. जादा ऑईल फेसाळून ब्रीदरवाटे बाहेर जाते. पट्टीवरील पातळी आपोआप वाढली, तर ऑईलमध्ये डिझेल किंवा पाणी मिसळत आहे. गाडी चालवू नये.

२) गळती : टॅपेट कव्हर, चेंबरचे पॅकिंग, फिल्टर आणि क्रँकचे पुढचे-मागचे सील पुसून कोरडे करावे. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकावा. सकाळी डाग बोलतो.

३) रेडिएटर : इंजिन थंड असतानाच झाकण उघडावे. पाण्यावर तवंग दिसल्यास ऑईल कूलर किंवा हेड गॅस्केट तपासावे.

४) हवेची टाकी : हे बहुतेक जण विसरतात. ब्रेकच्या हवेच्या कॉम्प्रेसरला इंजिनचेच ऑईल जाते. टाकीचा खालचा कॉक उघडल्यावर पाण्याबरोबर बरेच ऑईल आले, तर दोष कॉम्प्रेसरच्या रिंगांचा असू शकतो. मग इंजिनला हात कशाला?

५) धूर : निळा धूर म्हणजे ऑईल जळते. काळा धूर ऑईलचा नव्हे. हवा कमी किंवा डिझेल जास्त. सकाळी सुरू करताना निळा भपका येऊन थांबला, तर व्हॉल्व्हचे गाईड व सील पाहावे. राजूर घाटासारख्या चढाला भरल्या गाडीने सतत निळा धूर सोडला आणि ब्रीदरही जोराने फुंकू लागला, तर रिंगा-लायनरचा संशय घ्यावा. टर्बोच्या हवेच्या पाईपात ऑईल साचले असेल, तर टर्बोचे सील व त्याची ऑईल परतीची नळी पाहावी. एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस. ६ गाड्यांत धूर सहसा दिसत नाही, म्हणून तेथे मोजमापावरच भर द्यावा.

एवढे झाल्यावर मिस्त्रीकडून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एकच सिलिंडर कमी निघाला की सगळेच कमी, हे कळल्याशिवाय काम काढू नये.

रिंगा मुख्यतः धुळीने झिजतात. एअर फिल्टरचे फाटलेले रबर किंवा ढिला क्लिप यातून गेलेली फुफाट्याची धूळ लायनर घासते. रिंगा नव्या टाकल्या आणि ती फट तशीच राहिली, तर पुढच्या हंगामात पुन्हा तोच खर्च. जाड ऑईल घालूनही दोष जात नाही, फक्त झाकला जातो.

प्रत्येक ट्रकमध्ये एक छोटी वही ठेवावी : तारीख, किलोमीटर, घातलेले ऑईल. मिस्त्रीकडे जाताना हीच वही सोबत न्यावी.