समुद्राला कुणाचे प्रश्न विचारायचे?

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर समुद्र दिसत नाही. इमारती, दुकानं, रिक्षांची रांग. समुद्राची खबर येते ती मासळीच्या पाटीतून. पण रूळ ओलांडून पश्चिमेला उत्तनची बस धरली, की वलांडीवर वाळत घातलेले बोंबील दिसतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून दोरीवर टांगलेले. आमच्या शहराचा समुद्राशी संबंध तिथे कळतो, आणि समुद्रसंशोधनात आधी काय शोधायचं हे कुणी ठरवायचं, हा प्रश्नही तिथेच नीट उभा राहतो.

स्वतंत्र भारताच्या समुद्रसंशोधनाची मोठी सुरुवात १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून झाली. त्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्याच्या दोनापावल्यात तिचं मुख्यालय आहे. २६ जानेवारी १९८१ ला तिच्या ‘गवेषणी’ जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून बहुधातू गोटे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले हे गोटे दिल्लीला फार महत्त्वाचे वाटले. त्याच वर्षी महासागर विकास विभाग निर्माण झाला. आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र भारताकडे राखीव आहे. २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी मिळाली. तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणारी ‘मत्स्य ६०००’ पाणबुडी हे तिचं ठळक काम. देशाला हे ज्ञान हवंच. मात्र हा अग्रक्रम खनिजांची गरज आणि जगातलं स्थान पाहून ठरला.

तेलाचा हिशेब आणखी वेगळा. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल सापडलं, तेव्हापासून तळाखालचे थर तपासणं हे आपल्या किनाऱ्यासमोरचं महत्त्वाचं काम झालं. भूकंपीय सर्वेक्षणासाठी जाळी काढून घ्या असं मच्छीमारांना सांगितलं जातं, आणि त्यावरून पालघर ते रायगड वाद झाले आहेत. एकाचं संशोधन ही दुसऱ्याची बुडालेली रोजी असू शकते.

निवड म्हणजे कुणाच्या तरी वाट्याला कात्री. हे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उघडपणे मांडलं. पुढच्या दशकासाठी आठ प्रश्न निवडताना, समुद्रातल्या महागड्या निरीक्षण यंत्रणेच्या खर्चात २० टक्के कपात करून तो पैसा मूलभूत संशोधनाला द्यावा, असं तिच्या समितीने सुचवलं. आपल्याकडे असा हिशेब लोकांसमोर मांडला जात नाही. संयुक्त राष्ट्रांचं २०२१ ते २०३० हे समुद्रविज्ञान दशक स्थानिक ज्ञानाला जागा देण्याची भाषा करतं. ती जागा उत्तनला कधी मिळणार?

डोलीचं उदाहरण घ्या. डोल हे एका जागी रोवलेलं जाळं. भरती-ओहोटीची ओढ मासा आत आणते आणि तो जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, म्हणजे खोल्यात, साठतो. उधाणाला ओढ जोरात, भांगाला मंद. धंद्याचं सारं वेळापत्रक त्यावर. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासे कुठे मिळतील याचा सल्ला देते. बांगडा, तारली, कुपा शोधत फिरणाऱ्या नौकेला तो मोलाचा. डोलकराचं जाळं तर हलतच नाही! त्याला हवं ते वेगळं: बोंबील का घटतो, वसईच्या खाडीतून येणारं शहरांचं सांडपाणी कुठवर पोचतं, खोल्यात मासळीबरोबर येणाऱ्या प्लास्टिकमुळे किती पिल्लं मरतात. या प्रश्नांना पाणबुडी लागत नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी मोजमाप करणारी माणसं लागतात, आणि असल्या कामाला निधी मिळवणं कठीण जातं.

वादळांच्या बाबतीत मात्र सगळ्यांची गरज एक होते. अरबी समुद्र तापतोय आणि त्यामुळे वादळं तीव्र होताहेत, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ अनेक वर्षं सांगत आहेत. २०२१ च्या ‘तौक्ते’ चक्रीवादळानंतर ते किनाऱ्यावर कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

कोळीवाड्याचा प्रश्न वरपर्यंत पोचू शकतो, याचा दाखला सातपाटीने दिला आहे. पापलेट घटतंय, ही तिथल्या मच्छीमारांची जुनी तक्रार. त्यांच्याच मागणीतून २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झालं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासावरून त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं. लहान पापलेट पकडू नका हे सांगायला शास्त्राचा आधार मिळाला, आणि त्या शास्त्राला मासेमारांच्या अनुभवाचा.

या मत्स्य संशोधन संस्थेचं आणि समुद्रविज्ञान संस्थेचं मुंबई केंद्र, दोन्ही वर्सोवा-अंधेरी भागात, उत्तनपासून फार लांब नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, माणसं घरी असतात. पुढच्या वर्षीचे प्रकल्प लिहिण्याआधी शास्त्रज्ञांनी त्या दोन महिन्यांत उत्तनला, शेजारच्या चौकला, सातपाटीला बैठक घ्यावी. तिथे पुढे आलेल्या प्रश्नांपैकी निदान एकाला पैसे द्यावेत, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच लोकांसमोर, मराठीत, काय सापडलं ते सांगावं.