मुलाखतीआधीच लागणारा निकाल

कवठे येमाईला गेलो, की येमाईच्या देवळात एखादा तरुण हमखास गाठतो. "काका, तुम्ही कंपनीत माणसं घ्यायचात ना? मग माझं काय चुकतंय ते तरी सांगा," परवा एकाने विचारले. बी.कॉम., पहिला वर्ग. रांजणगावची औद्योगिक वसाहत त्याच्याच शिरूर तालुक्यात; पण फाटकाच्या आत पाऊल पडलेले नाही.

उत्तर ठाऊक होते, म्हणूनच ते देणे जड गेले. माझी सारी नोकरी भरती विभागात गेली. वीस मिनिटांत आम्ही मुलाच्या आयुष्याचा निकाल लावायचो. जो बोलला तो तरला, जो घाबरला तो गेला. अशाच एका घाबरलेल्या, गावाकडच्या मुलाला मीही 'नाही' म्हटले होते.

कॉलेज आणि कारखाना जवळ आले, तशी ही रीत बदलत गेली. पिलानीच्या बिट्स संस्थेने १९७३ मध्ये विद्यार्थ्यांना शिक्षणाचा भाग म्हणून कारखान्यांत धाडायला सुरुवात केली. त्याच वर्षी शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्यात पदवीधर इंजिनिअर आले. २०१४ च्या दुरुस्तीने इतर पदवीधरांनाही दार उघडले. आता राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांतही प्रत्यक्ष कामाचा अनुभव आला आहे.

सहा महिने डोळ्यांसमोर वावरलेला मुलगा मुलाखतीत अडखळला, तरी बिघडत नाही. त्याचे काम, वक्तशीरपणा, चूक कबूल करण्याची वृत्ती वरिष्ठांनी पाहिलेली असते. 'त्या' मुलाला मी असे पाहिले असते तर?

पण या नाण्याला दुसरी बाजूही आहे. ओळखीची मुले हाताशी असली, की जागा जाहिरातीआधीच भरतात. ज्याच्या कॉलेजचा कुणाशीच करार नाही, तो बाहेरच राहतो. शिवाय काही ठिकाणी विद्यावेतनावर वर्षभर राबवून घेतात आणि मुदत संपताच नवी तुकडी आणतात. कायदा नोकरीची हमी देत नाही. शिकाऊंना सामावून घेण्याचे धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवायचे, एवढेच २०१४ पासून बंधन आहे.

म्हणून आईबापांनो, प्रवेश घेताना इमारतीपेक्षा एक गोष्ट विचारा: मुले कामाला कुठे जातात, आणि त्यांतली किती तिथेच राहतात?

"माझी तर पदवी झाली, काका."

"पदवीनंतरही शिकाऊ होता येतं."

"आणि मग ठेवून घेतील?"

"तेच त्यांना पहिल्या दिवशी विचार," मी म्हणालो. "मान खाली न घालता."