विचारांची घरे (लेखांक ७) : आगरकरांचे दोन संपादक

मागच्या लेखांकात आपण लोणावळ्यात होतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये तिथे कैवल्यधाम उभे केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. योगाबद्दलचे दावे प्रयोगशाळेत तपासायचे, हा त्यांचा हट्ट. पुरावा मागण्याची हीच खोड असलेले एक घर विदर्भात होते. तिथे तपासणीला घेतले होते ते धर्माला, रूढीला आणि लग्नाला.

दि. य. देशपांडे (१९१७-२००५) पेशाने तत्त्वज्ञ. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात ते तत्त्वज्ञान शिकवत. 'युक्तिवादाची उपकरणे' हे तर्कशास्त्रावरचे पुस्तक त्यांचे. त्यांच्या पत्नी म. गं. नातू, म्हणजे मनूताई. लग्नानंतरही त्या लिहिताना नातूच राहिल्या. अशा जोडप्याबद्दल लिहिताना मराठीत 'पत्नीची मोलाची साथ लाभली' असे एक वाक्य टाकून पुढे जाण्याची रीत आहे. इथे ती चालत नाही, कारण दोघांचे सर्वांत मोठे काम पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोघांच्या नावाने आहे : 'आगरकर-वाङ्मय', तीन खंड, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९८०च्या दशकात काढलेले. संपादक नातू आणि देशपांडे, आणि नाव आधी नातूंचे.

संपादन म्हणजे नुसती जुळवाजुळव, असे कुणाला वाटेल. समाजसुधारक आगरकरांच्या बाबतीत तरी तसे म्हणता येत नाही. 'केसरी'चे ते पहिले संपादक. १८८७ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 'सुधारक' सुरू केला. त्यांचे लेखन बरेचसे साप्ताहिकातले, म्हणजे आठवडा संपला की जुने होणारे. ते एकत्र वाचल्यावरच कळते की सोवळे, केशवपन, बालविवाह यांवर सुटेसुटे प्रहार करणाऱ्या या माणसाची एक सलग विचारपद्धती होती. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकात लिहिले. गंमत अशी की त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या आणि आगरकरांनी त्यांच्या व्रतवैकल्यांना कधी आडकाठी केली नाही. पत्नीच्या स्वातंत्र्याचा मान त्यांनी राखला. पण वादाला बरोबरीने बसणारे माणूस त्यांना घरात मिळाले नाही. त्यांच्या संपादकांना ते मिळाले होते.

आगरकरांचे आवडते विचारवंत मिल आणि स्पेन्सर. त्यातल्या मिलची गोष्ट इथे आठवतेच. मिलच्या पत्नी हॅरिएट टेलर १८५८ मध्ये वारल्या. पुढच्या वर्षी मिलने 'ऑन लिबर्टी' त्यांना अर्पण केले आणि आपल्या उत्तम लेखनात त्यांचाही वाटा असल्याचे लिहिले. टीकाकारांनी ते प्रेमाने आंधळ्या झालेल्या माणसाचे बोलणे ठरवले. पुरुषाने स्वतः कबूल केलेला वाटाही स्त्रीच्या खात्यावर जमा करायला लोक तयार नसतात!

मनूताई १९८८ मध्ये गेल्या. एप्रिल १९९० मध्ये देशपांड्यांनी त्यांच्या स्मरणार्थ नागपुरातून मासिक काढले, 'आजचा सुधारक'. स्मारक म्हणजे पुतळा किंवा शिष्यवृत्ती, असे मानणाऱ्या आपल्या समाजात हे वेगळेच. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचे आहे ते मासिकाच्या सुरुवातीच्या अंकांत काय छापले ते. बर्ट्रंड रसेलच्या १९२९ च्या 'मॅरेज अँड मॉरल्स'चा 'विवाह आणि नीती' हा मराठी अनुवाद त्यात क्रमशः येऊ लागला, आणि अनुवादक होत्या म. गं. नातू. लैंगिक नीती भीतीवर आणि अंधश्रद्धेवर उभी करू नये, स्त्री-पुरुषांना तिच्यात समान स्वातंत्र्य असावे, असे सांगणारे हे पुस्तक. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातली रसेलची नेमणूक न्यायालयाने रद्द केली, तेव्हा त्याच्याविरुद्ध जी पुस्तके पुढे केली गेली त्यांत हेही होते. म्हणजे मनूताईंच्या आठवणीसाठी निघालेल्या मासिकात त्यांच्याविषयी गहिवरून लिहिण्यापेक्षा त्यांचेच काम वाचकांच्या हाती दिले गेले, आणि तेही वाद ओढवून घेणारे.