टांक्याविना म्यान



मागल्या हिवाळ्यांत आम्ही घरची मंडळी डोंबिवलीहून मलंगगडाच्या पायथ्याशीं सहलीस गेलों होतों. फळें कापण्याचा चाकू मीं कातड्याच्या म्यानांत घालून पिशवींत ठेविला होता. म्यान बाजारांतून विकत घेतलेलें, दोऱ्यानें शिवलेलें आणि दिसावयास सुबक. नातवानें पेरू काढण्यासाठीं पिशवींत हात घातला, तोंच त्याच्या तर्जनीला पातें लागलें. चाकू काढतां-घालतां धारेनें आंतला दोरा थोडाथोडा कापला गेला होता आणि शिवण उसवून पातें बाहेर डोकावत होतें. म्यानाचे टांके सुटले आणि मुलाच्या बोटाला तीन टांके घालावे लागले. ज्यानें तें म्यान केलें त्याचा दोष म्हणावा, तर तितकाच माझाहि होता. म्यान चाकूला कशाच्या बळावर धरतें, याचा मीं कधीं विचारच केला नव्हता. तो विचार पुढें केला. त्यांतून जें हातीं लागलें, तें आज सांगणार आहें.

कोंकणांतला शेतकरी कमरेच्या आकडींत कोयती अडकवून रानांत जातो. तेथें पातें उघडें असलें तरी चालतें, कारण त्या कोयतीकडे जाणारा हात एकट्या त्याचाच असतो. आपल्या घरांत मात्र स्वयंपाकघराच्या खणांत, सहलीच्या पिशवींत आणि कुंड्यांजवळच्या टोपलींत दहा हात जातात. तेथें पातें झांकलेलेंच पाहिजे.

आपली समजूत अशी कीं, शिवण चाकूला धरून ठेवते. तें खरें नव्हे. शिवण फक्त दोन बाजू जोडते. चाकूला धरतो तो कातड्याचा आकार. मुठीच्या फुगवट्यामागें कातडें किंचित् आंत वळलेलें असलें, म्हणजे म्यान उलटें केलें तरी चाकू पडत नाहीं. हा आकार देण्यास लागतें तें केवळ पाणी आणि धीर.

याचें कारण कातड्याच्या रचनेंत आहे. जनावराची कातडी म्हणजे कोलॅजन नांवाच्या प्रथिनाच्या तंतूंची दाट गुंतागुंत. बाभळीची साल, हिरडा यांसारख्या वनस्पतींतील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, त्या तंतूंशीं बांधलें गेलें कीं कातडें कुजत नाहीं. असें कातडें भिजलें कीं तंतू एकमेकांवरून सरकतात आणि वाळलें कीं जेथें सरकले तेथेंच ठाम बसतात. क्रोमियमच्या क्षारांनीं कमावलेल्या कातड्याचा स्वभाव निराळा. ती पद्धति ऑगस्टस शुल्ट्झ यानें १८८४ सालीं अमेरिकेंत पेटंट केली. तें कातडें मऊ असतें, पाणीहि बरें सोसतें. परंतु दिलेला आकार तें धरीत नाहीं, पुन्हां पूर्ववत् होतें. म्हणून म्यानासाठीं वनस्पतींनीं कमावलेलेंच कातडें घ्यावें. परीक्षा सोपी आहे. बिनरंगी कातड्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो लवकर जिरून डाग गडद झाला आणि कापलेली कड आरपार तपकिरी दिसली, तर तें आपल्या कामाचें. कड निळसर करडी दिसली तर तें क्रोमचें समजावें.

ही विद्या आपल्या मुलखाला परकी नाहीं. मार्को पोलोच्या तेराव्या शतकाच्या अखेरच्या प्रवासवृत्तांतांत ठाण्याच्या राज्याचें वर्णन आहे. तेथून उत्तम कमावलेलें कातडें आणि सुती कापड जहाजांनीं परदेशीं जातें, असें त्यांत नमूद केलें आहे. २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पलहि वनस्पतींनीं कमावलेल्या कातड्याचीच असते.

मला प्रत्यक्ष कृति शिकविली ती स्टेशनाजवळ बसणाऱ्या एका वयोवृद्ध चर्मकारांनीं. सारें आयुष्य मला लोक गुरुजी म्हणत आले. त्या पंधरा दिवसांत मी त्यांना गुरुजी म्हणत होतों.

प्रथम जाड कागद चाकूभोंवतीं दुमडून नमुना कापावा. घडी पात्याच्या बोथट पाठीकडे यावी आणि धारेच्या बाजूस दोन सेंटिमीटर कड जास्त सोडावी. मग सुमारें ३ मिलिमीटर जाडीचें कातडें त्या नमुन्याप्रमाणें रापीनें कापावें. त्याच कातड्याची एक अरुंद पट्टीहि कापावी. ही धारेच्या बाजूस दोन्ही थरांच्या मध्यें बसते. सारें रहस्य या पट्टींत आहे. धार आपटते ती हिच्यावर, जोडावर नव्हे.

कातडें कोमट पाण्यांत बुडवावें आणि बुडबुडे थांबले कीं काढावें. कढत पाणी वापरूं नये. त्यानें कातडें आक्रसतें आणि ठिसूळ होतें. पृष्ठभाग मूळ रंगावर येऊं लागला कीं चाकू प्लॅस्टिकच्या पातळ कागदांत गुंडाळून आंत ठेवावा. हें गुंडाळणें चुकवूं नये. पूर्वीं हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत. ओल्या कातड्यांतील टॅनिन आणि चाकूचें लोखंड एकत्र आलीं कीं तीच शाई म्यानांत तयार होते. मग मधली पट्टी घालून कड कपड्यांच्या चिमट्यांनीं धरावी आणि बोटांनीं, चमच्याच्या गुळगुळीत दांड्यानें मुठीच्या वळणावरून कातडें दाबीत जावें. सावलींत एक दिवस, पावसाळ्यांत दोन-तीन दिवस वाळूं द्यावें. ऊन किंवा शेगडी दाखविण्याची घाई करूं नये.

पुरें वाळल्यावर कड सोल्यूशननें चिकटवावी आणि दोन-दोन सेंटिमीटरांवर छिद्रें पाडून तांब्याचे रिव्हेट ठोकावेत. पट्टी रिव्हेटांच्या आंत निदान ५ मिलिमीटर राहिली पाहिजे. नाहींतर धार धातूवर घासून बोथट होईल. टोकाशीं पाणी निथळण्यास बारीक छिद्र ठेवावें. शेवटीं मधमाश्यांचें मेण हलकें चोळावें. तेल अति झालें तर कातडें सैल पडतें.

शिवलेलें म्यान वाईटच असतें असें माझें म्हणणें नाहीं; मधली पट्टी असली तर तेंहि पुष्कळ टिकतें. आणि हें म्यान प्रवासापुरतें आहे. आपल्या दमट हवेंत चाकू त्यांत महिनोन् महिने ठेविला तर पातें गंजेल आणि कातड्याला बुरशी येईल. घरीं आल्यावर दोन्ही पुसून वेगवेगळीं ठेवावींत.

माझें पहिलें म्यान तयार झालें तेव्हां आमच्या गुरुजींनीं चाकू आंत घालून तें उलटें धरलें आणि तीनदां जोरानें झटकलें. चाकू हलला नाहीं. मग त्यांनीं पट्टीवर अंगठा फिरवून, “आतां मुलाच्या पिशवींत ठेवा,” एवढेंच म्हटलें. इतक्या वर्षांच्या शिक्षकीनंतर मिळालेलें हें प्रशस्तिपत्र मला मोलाचें वाटतें.