कासवाचें अंथरूण

संतवाङ्मयांतील कासवी आपल्या पिलांना नुसत्या दृष्टीनें वाढविते. उपमा मोठी गोड आहे. परंतु सृष्टींत घडतें तें निराळें. मादी जमीन उकरून अंडीं घालते, वर माती सारते आणि चालूं लागते. पुढें ऊब, ओल व आसरा देते ती माती. म्हणून कासव घरीं आलें असतां त्याला खाऊं काय घालावें, याच्याहि आधीं त्याच्या पायांखालीं काय घालावें हें विचारलें पाहिजे.

आमचें मांजरसुंबा बालाघाटाच्या डोंगरांतील, हमरस्त्यावरचें गांव. शहरांतून सुटीला येणारीं नातवंडें हल्लीं खोक्यांतून कासवहि आणतात. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या आळींत असें एक आलें. मुलांनीं त्याला हौसेनें सुताराकडील भुसा अंथरला. चार दिवसांत त्याचे डोळे सुजून मिटले. गुरांच्या डॉक्टरांनीं औषधाआधीं तो भुसा काढावयास सांगितला.

येथें एक खुलासा अवश्य आहे. विहिरींत व तळ्यांत आढळणारें मऊ पाठीचें कासव पाण्यांतलें. त्याला अंथरूण नकोच. पाठीवर चांदण्या असलेलें कासव जमिनीवरचें. हीं दोन्हीं आपल्या देशांतलीं असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यांना घरीं बाळगणें हा गुन्हा आहे. सांपडल्यास वनविभागाच्या स्वाधीन करावें. आफ्रिकेंतील मोठ्या जमिनीवरच्या कासवासारखीं कांहीं परदेशी कासवें लोक पाळतात. २०२२ च्या सुधारणेनें अशा प्राण्यांची नोंदणी आवश्यक झाली आहे. पुढील मजकूर अशा नोंदलेल्या कासवासाठीं आहे.

देवदार व पाइन यांच्या भुशांतील उग्र तेलानें डोळ्यांना व फुप्फुसांना इजा होते. आणि मालाच्या खोक्यांचें लांकूड पुष्कळदां पाइनचेंच असतें. बारीक भुसा कोणत्याहि लांकडाचा असो, तो नाकांत जातो, ओल्या पाल्याला चिकटून पोटांतहि जातो. नुसती वाळू त्याहून वाईट. ती आंतड्यांत सांचून मलमार्ग बंद होतो, आणि मुकें जनावर कांहीं सांगत नाहीं. फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर पाय घसरून फांकतात. जुनी गोधडी मायेनें घालणारीं माणसें आहेत. पण तिचे दोरे नखांत अडकतात व मूत्र तिच्यांत मुरतें.

मग मातीच घालावी, पण कोणती? शेतांतली नव्हे. आपला मुलूख कापसाचा, आणि कापसावर कीटकनाशकें फवारतात. शिवाय काळी माती भिजली कीं चिखल, वाळली कीं ढेकूळ. पडीक माळावरची भुसभुशीत माती आणावी, खडे चाळून काढावे, दोन दिवस कडक उन्हांत वाळवावी. थर निदान कवचाच्या उंचीइतका असावा, म्हणजे त्याला अंग पुरतां येतें. वर स्वच्छ वाळलेलें गवत घालावें. कुबट वासाचें कडबा-भुसकट अगदीं वर्ज्य. त्यांतील बुरशी श्वासाबरोबर आंत जाते.

सगळेंच कोरडें ठेवणें हाहि उपाय नव्हे. आफ्रिकी कासवाच्या पिलांवरील प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत कोरड्या हवेंत वाढलेल्यांच्या पाठीवर उंचवटे अधिक आले. म्हणून एक कोपरा ओलसर व बाकीचें कोरडें ठेवावें. जेथें रुचेल तेथें तें जाऊन बसतें. मात्र पोटाखालीं सदा चिखल राहिला तर कवच कुजूं लागतें.

मळलेला भाग रोज काढावा. ही माती तुळशीला किंवा कोथिंबिरीच्या वाफ्याला घालूं नये, विहिरीपाशींहि टाकूं नये. कासवाच्या विष्ठेंत साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. लहान मुलांना ह्या जंतूंची बाधा होऊं लागली, म्हणून अमेरिकेंत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी आहे. माती बदलणाऱ्यानें साबणानें हात धुतल्याखेरीज स्वयंपाकघरांत पाऊल घालूं नये, आणि तान्ह्या मुलाला तर घेऊंच नये.