सुतात मावलेली वाघीण

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत वाघीण म्हटलं की आधी ताडोबा आठवतो, मग गोठ्यातली गाय आठवते आणि पाय जरा लवकर घराकडे वळतात. पण रेल्वेत काम केलेल्या माणसापुढे हाच शब्द काढा, त्याच्या डोळ्यांपुढे मालाचा डबा उभा राहतो. इंग्रजी वॅगनचं आपल्या लोकांनी वाघीण करून टाकलं आणि कोळशाच्या वाघिणी, लाकडाच्या वाघिणी असं सर्रास बोलू लागले. आज मी या दुसऱ्या वाघिणीबद्दल बोलणार आहे. ती मी घरी, जेवणाच्या टेबलावर, लाकडातून करते.

माझं माहेर नागभीडचं. सध्या मी ब्रह्मपुरीला असते. बाबा छोट्या गाडीवर खलाशी होते. छोटी गाडी म्हणजे नॅरोगेज. बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या भागात हे अरुंद रूळ टाकले. दोन रुळांत अंतर अवघं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या गाडीच्या रुळांत साडेपाच फूट असतात. रूळ अरुंद असले की वळणं आखूड घेता येतात, माती कमी हलवावी लागते, पूल हलके चालतात. जंगलातून मार्ग काढायला ते स्वस्त पडायचं. गोंदियाहून वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड करत चांदा फोर्टला जाणारा मार्ग १९९०च्या दशकात मोठा झाला. नागपूरच्या इतवारीहून कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला येणारी छोटी गाडी मात्र त्यानंतरही वीसेक वर्षं धावत राहिली. नोव्हेंबर २०१९मध्ये तीही थांबली, मार्ग मोठा करायचा म्हणून. मोठा मार्ग हवाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गडचिरोली शहराला तर अजून रेल्वेच नाही. जिल्ह्यात स्टेशन म्हणावं तर देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा. तिथून गडचिरोलीपर्यंत रूळ नेण्याचं काम चालू आहे. पण छोटी गाडी गेली आणि तिच्यावर राबलेली माणसंही एकेक करून जायला लागली. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. डोळ्यांना कमी दिसतं.

त्यांना द्यायला म्हणून मी पहिली वाघीण केली. सागवानाच्या तुकड्यांची, चार चाकांची, पॉलिश केलेली. शेजारपाजारच्यांनी कौतुक केलं. बाबांनी हातात घेतली, कडेवरून बोटं फिरवली, आत हात घातला आणि म्हणाले, "हे तं पेटी होय वं. वाघीण नाही."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस मी ती कपाटावर टाकून ठेवली. मग टेप घेऊन मोजली तेव्हा कळलं. मी वापरलेली फळी पाच मिलिमीटर जाड होती. माझी वाघीण खरीच्या चोविसावा भाग धरली, तर खऱ्या गाडीची फळी जवळजवळ पाच इंच जाड झाली! असली फळी कोण लावेल? बाबांच्या डोळ्यांना दिसलं नाही, पण बोटांना बरोबर कळलं. खेळणं आणि नमुना यांत फरक हाच. नुसतं लांबी-रुंदीचं माप लहान करून चालत नाही. फळीची जाडी, पट्टीची रुंदी, दोन फळ्यांमधली फट, सगळं त्याच पटीत लहान व्हायला हवं.

आता ही पट. परदेशात या छंदाला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे आणि त्यांची ठरलेली प्रमाणं आहेत. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८पासून ते लोकांना पाहायला मिळतं. मुलांना घेऊन जरूर जा. जगात सगळ्यांत जास्त चालणारं प्रमाण सत्त्याऐंशीवा भाग असं आहे. पण सत्त्याऐंशीने भागाकार करत बसायचं आणि अर्ध्या मिलिमीटरची फळी तासायची, हे आपल्या टेबलावर जमायचं नाही. मी चोविसावा भाग घेते, आणि त्याचं कारण सुतारभाऊंच्या टेपमध्ये आहे. सुतार इंचाचे आठ भाग करतो, एका भागाला सूत म्हणतो. चोविसाव्या भागात खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे आपला अर्धा इंच, म्हणजे चार सूत. मग खऱ्या गाडीचे तीन इंच म्हणजे आपलं एक सूत. एवढं एकच वाक्य ध्यानात ठेवा: तीन इंचाला एक सूत. अडीच फुटांचा रूळ किती झाला? दहा सूत. म्हणजे जवळपास बत्तीस मिलिमीटर, आणि गंमत अशी की खेळण्यातल्या रेल्वेचे बत्तीस मिलिमीटरचे रूळ जगभर मिळतात. ज्या बाईने कागदावर ब्लाउज बेतलं आहे तिला हा हिशेब सांगायला नको.

माप आणायचं कुठून? रुळावर जाऊन मोजायचं नाही, हे आधी सांगते. जुना फोटो शोधा, पण डबा अगदी समोरून, तोंडाकडून घेतलेला आणि खालचे रूळ दिसणारा. त्या फोटोत दोन रुळांमधलं अंतर हीच आपली पट्टी. तेवढ्या अंतराचे दहा सारखे भाग करा, एक भाग म्हणजे खऱ्या गाडीचे तीन इंच. त्या भागांनी डब्याची रुंदी मोजा, उंची मोजा. तिरपा फोटो मात्र फसवतो, लांबचं बारीक दिसतं. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, डिसेंबर २००२मध्ये सुरू झालेलं. तिथे जुनी इंजिनं आणि डबे जवळून पाहता येतात. बिजागरी कशी बसवली आहे, लोखंडी पट्टी फळीवर कुठे वाकली आहे, हे फोटोपेक्षा तिथे कळतं.

लाकडाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण आपण राहतोच लाकडाच्या देशात. आलापल्लीचं, बल्लारशाहचं सागवान कुठेकुठे जातं हे तुम्हाला माहीत आहे. साहजिकच मलाही वाटलं, सागवानच हवं. पण सागवानाचे रेषे ठळक असतात. खऱ्या दारावर ते शोभतात. दोन-तीन सुतांच्या फळीवर तीच रेघ खऱ्या गाडीवरच्या मनगटाएवढ्या भेगेसारखी दिसते. लहान कामाला बारीक रेषेचं लाकूड हवं. हळदू सगळ्यांत चांगला. पिवळसर, घट्ट, पूर्वी त्याच्या फण्या व्हायच्या, यावरूनच समजा की तो किती बारीक कापला जातो. शिवणही चालतं, हलकं असतं आणि फारसं वाकत नाही. तुकडे आरामशीनवरून किंवा सुताराकडून घ्या आणि पावती मागा. दोन मुठी लाकूड असलं तरी मागा. सागवानाला तोडीचा आणि वाहतुकीचा परवाना लागतो, आणि छंदासाठी जंगलातून ओलं लाकूड आणणं बरोबरही नाही, कामाचंही नाही. ते वाळताना पिळतं. सागवान घासताना नाकातोंडाला मास्क बांधा, त्याचा भुसा पुष्कळांना बाधतो. अंगाला खाज सुटते, खोकला लागतो.

आणि ज्यांना आरामशीनपर्यंतही जायचं नाही त्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट आणावं. हसू नका. ती काडी साधारण दहा मिलिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर जाड असते. चोविसाव्या भागात ती नऊ-साडेनऊ इंच रुंद, दोन इंच जाड फळी होते. अगदी गाडीला शोभेल अशी! गोल टोकं कापून टाकायची, बस. माझी दुसरी वाघीण या काड्यांचीच आहे.

ती उघडी, चार चाकांची वाघीण आहे. नागभीडच्या अमुक एका डब्याची हुबेहूब प्रत असा माझा दावा नाही. लांबी अठरा फूट धरली, म्हणजे बहात्तर सूत, नऊ इंच. रुंदी सहा फूट, म्हणजे तीन इंच. आधी तळ करायचा आणि गुण्या लावून चारही कोपरे तपासायचे. तळ तिरका गेला तर पुढे काहीच सरळ बसत नाही. बाजूच्या फळ्या एकेक करून लावायच्या, एका बाजूला चार. एकच रुंद पट्टी लावून वर रेघा ओढू नका. खऱ्या फळ्या कधीच एका पातळीत नसतात, ते त्या रेघांत येत नाही. डिंक सुकेपर्यंत कपडे वाळवायचे चिमटे लावून ठेवा. रंग मात्र डिंकाच्या आधी, हे मी दोन बाजू वाया घालवून शिकले. जिथे डिंक लागतो तिथे लाकूड रंग पीत नाही, पांढरा डाग राहतो तो राहतोच.

रंगाला आपला हिरडा आहे ना. हिरड्याची भरड पाण्यात उकळून गाळून घ्यायची आणि फळ्यांना लावायची. दुसरीकडे गंजके खिळे चार दिवस व्हिनेगरमध्ये ठेवायचे, झाकण सैल ठेवून. हिरडा वाळला की हे लोखंडाचं पाणी वरून फिरवा. पाहता पाहता लाकूड करडं-काळं होतं, उन्हापावसात वीस वर्षं उभं राहिल्यासारखं. पूर्वी काळी शाई याच मेळाने करत. भांडं मात्र स्वयंपाकाचं घेऊ नका.

लोखंडी पट्ट्यांना लग्नपत्रिकेचा जाड कागद कापते. मागून सुईच्या बोथट टोकाने दाबलं की पुढे रिबिटाचा टिपका उठतो. सगळ्यांत आवडीचं काम म्हणून हे मी रात्री करते, टीव्हीसमोर.

चाकांपाशी थोडा वेळ द्यावा लागतो. बैलगाडीत आस स्थिर असतो आणि चाक त्याच्यावर फिरतं. रेल्वेत तसं नाही. दोन्ही चाकं आसाला घट्ट, तिघं मिळून फिरतात. शिवाय चाकाच्या आतल्या अंगाला ओठ असतो, तो चाकाला रुळावरून घसरू देत नाही. लाटणी कातणाऱ्या कारागिराकडून हळदूची सात सूत जाडीची दांडी कातून घेतली आणि चकत्या पाडल्या. प्रत्येक चकतीच्या मागे जराशी मोठी, पातळ चकती चिकटवली, तो ओठ झाला. आस म्हणजे सायकलचा स्पोक. तो फिरायला जुन्या रिफिलची नळी, सैल बसते का ते आधी पाहून. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये मी अठ्ठावीस मिलिमीटर ठेवते, म्हणजे ओठांना रुळात हलायला जागा राहते. मग वाघीण आरशावर उभी करायची. चारही चाकं काचेला टेकली पाहिजेत. एक जरी अधांतरी राहिलं तर गाडी वळणावर उतरणार. माझ्या हातून चार कधी टेकत नाहीत, म्हणून मी एक आस किंचित डुलता ठेवते. तळाखाली दोन नट चिकटवले की वजनही येतं.

राहिली उंची. मला समोरून काढलेला उघड्या वाघिणीचा फोटो मिळाला नाही. बाबांना विचारलं, "बाबा, फळी कुठवर यायची?" ते भिंत धरून उठले, हात वर केला, बोटं वळवली, वरची फळी धरून आत डोकावल्यासारखी. "इथवर. टाचा उचलाव्या लागत." मी टेप लावला, जमिनीपासून बोटांपर्यंत साठ इंच. वीस सूत. लिहून घेतलं तोवर त्यांनीच विचारलं, "पण मी तवा एवढाच होतो का वं?"

खरंच की. त्यांची पाठ आता वाकली आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा त्यांचा खांदा किती उंच होता हे कोणाला ठाऊक? आईला विचारलं, तिने दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं, तिथे डोकं लागायचं म्हणाली. शेवटी मी एक सूत वाढवून एकवीस धरलं. फळ्यांचे बारा, खाली चाकं आणि तळ मिळून नऊ. बाबांनी वाघीण हातात घेतली, बोटं कडेवरून फिरवली, आत घातली आणि विचारलं, "दार कोण्या बाजूनं उघडते?"

दार मी केलंच नव्हतं. तिसरीत करते आहे. ते खाली पडायचं की बाजूला उघडायचं, यावरून बाबांचं आणि त्यांच्या एका जुन्या सोबत्याचं फोनवर भांडण चालू आहे. तेव्हा नागभीड, भिवापूर, उमरेडकडच्या मैत्रिणींनो, कोणाच्या घरी सासऱ्यांचा, आजोबांचा छोट्या गाडीपाशी उभं राहून काढलेला फोटो असेल, तर त्यांच्या मागे काय दिसतं तेवढं बघा. मालडबा असेल आणि खाली रूळ दिसत असतील, तर आपल्या केंद्रावर नक्की कळवा.