तांब्याच्या ऑक्साइडमधली वीज

तारेतून वीज धावली की तार थोडीफार तापतेच. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना हे मी सांगायला नको. हा तापणारा रोध साफ नाहीसा झाला तर? तसे घडते. १९११ साली हॉलंडात कामरलिंग ऑनेस यांनी पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, आणि त्याचा रोध एकाएकी शून्य झाला. हीच अतिसंवाहकता. धातूंतले तिचे कोडे १९५७ साली उलगडले: अणूंच्या कंपनांच्या मध्यस्थीने इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि त्या जोड्या अडखळत नाहीत.

मग १९८६ साली झुरिकजवळच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ व म्युलर यांना ही किमया तांब्याच्या एका ऑक्साइडात दिसली. म्हणजे तार नव्हे, भाजलेल्या कौलासारखा काळा, ठिसूळ पदार्थ! पुढच्याच वर्षी इट्रियम मिसळलेल्या ऑक्साइडाने उणे १८१ अंशांपर्यंत मजल मारली. त्याला द्रवरूप नायट्रोजनची थंडी पुरते.

खरी गंमत पुढेच आहे. या कुळातला मूळ पदार्थ, लँथॅनम-तांबे ऑक्साइड, वीज वाहूनच नेत नाही. बी. एस्सी.च्या वर्गात आम्ही शिकवतो की, इलेक्ट्रॉनांचा पट्टा अर्धाच भरला असेल तर पदार्थ सुवाहक. येथे तांब्याच्या प्रत्येक अणूमागे एक सुटा इलेक्ट्रॉन, म्हणजे पट्टा बरोबर अर्धा. पुस्तकाप्रमाणे वीज वाहायला हवी, पण वाहत नाही.

असे का? परीक्षेचा हॉल डोळ्यांपुढे आणा. बाकावर दोघे मावतात, पण एकेकालाच बसवलेले. शेजारच्या बाकावर सरकावे तर तिथे कुणीतरी आहेच. अर्धी जागा मोकळी, तरी कुणाला हलता येत नाही. इथे पर्यवेक्षक म्हणजे इलेक्ट्रॉनांचे परस्परांतले प्रतिकर्षण. अशा पदार्थांना इंग्लंडचे भौतिकीतज्ज्ञ मॉट यांचे नाव मिळाले आहे. शिवाय शेजाऱ्यांना जसे ‘अ’ आणि ‘ब’ असे वेगळे प्रश्नसंच देतात, तशी शेजारच्या इलेक्ट्रॉनांची फिरकीही उलटसुलट असते.

आता काही परीक्षार्थी गैरहजर राहिले असे समजा. लँथॅनमच्या काही अणूंऐवजी स्ट्रॉन्शियम घातले की तसे होते. बाके रिकामी होतात, हालचाल सुरू होते. शेकडा पाच-सहा जागा मोकळ्या झाल्या की अतिसंवाहकता डोकावते, सोळाच्या सुमारास कळस गाठते आणि पाव भाग ओलांडल्यावर मावळते.

जानेवारी १९८७ मध्ये बंगळूरच्या परिषदेत फिलिप अँडरसन यांनी एक धाडसी कल्पना मांडली. उलट फिरकीच्या शेजाऱ्यांच्या जोड्या मूळ पदार्थातच जमलेल्या असतात; त्यांना फक्त हलण्याची मोकळीक हवी असते! मग कंपनांची मध्यस्थी कशाला? मला ही कल्पना फार देखणी वाटते, पण देखणेपणा हा पुरावा नव्हे.

तिला आकड्यांचे बळ देणारे एक महत्त्वाचे काम आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले. २००१ साली परमेकांती, रंदेरिया आणि त्रिवेदी यांनी एका बाकावर दोघे कधीच बसणार नाहीत ही अट घालून संगणकावर हिशेब केला. आढळले असे की, जागा जितक्या कमी मोकळ्या, तितकी जोडीची गाठ घट्ट; पण सगळ्या जोड्यांनी एका तालात वाहणे मात्र जागा मोकळ्या झाल्याशिवाय जमत नाही. गाठ आणि ताल यांच्या या ओढाताणीतून मधला कळस आपसूक निघतो.

तरी वाद मिटलेला नाही. काही जण चुंबकीय चढउतारांना श्रेय देतात, काही कंपनांनाही वाटा देतात. १९९३ साली पारा मिसळलेल्या ऑक्साइडाने उणे १४० अंशांच्या आसपास मजल मारली, ती रसायनाच्या प्रयोगांतून. कोणत्याही सिद्धांताने ते मिश्रण आधी सांगितले नव्हते. आणि कळसाजवळचा पदार्थ गरम करून अतिसंवाहकता घालवली, की त्याचा रोध तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढत जातो. साध्या धातूंच्या नियमांत न बसणारी ही सरळ रेषा अशी का, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही.